कसर



मराठीत ‘कसर’ हा शब्द तीन ठिकाणी येतो. ताप उतरला, पण अंग अजून कोमट लागते, तोंडाला चव नाही, उठून बसले की गरगरते. अशा वेळी घरातली जाणती माणसे म्हणतात, ‘अजून अंगात कसर आहे.’ हिशेबात तूट राहिली की तीही कसर, आणि ती कधीतरी भरून काढावी लागते. जुन्या पोथ्यांना नि लोकरी कपड्यांना लागणारी, घडीच्या आत बसून बिनबोभाट कुरतडणारी बारीक कीड, तिचे नावही कसरच. कोविडनंतर अनेकांच्या शरीरात जे मागे राहिले, त्याला हे तिन्ही अर्थ लागू पडतात. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. ‘कोविड आता साधा झाला’ असे आपण म्हणतो. एका वेळच्या दुखण्यापुरते ते बरेचसे खरे आहे. पण हे दुखणे एकदाच येऊन जाणारे नाही. ते पुन्हा येते, तिसऱ्यांदा येते, आणि दर खेपेला मागे कसर राहण्याची शक्यता असते. म्हणून धोका मोजायचा तो एका खेपेचा मोजून भागत नाही, आयुष्यभराचा मोजावा लागतो. तो आपण मोजत नाही, आणि जे मोजत नाही त्याची तजवीजही करत नाही.

सुरुवात ‘बरे’ या रकान्यापासून करू. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले आणि त्यानंतर दीर्घकाळ आपण रोज चार आकडे वाचत होतो: बाधित, सक्रिय, बरे झालेले, मृत. यातला ‘बरे झालेले’ हा आकडा कसा ठरत होता, इकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२० मध्ये डिस्चार्जचे धोरण बदलले. सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू होऊन १० दिवस झाले आणि ३ दिवस ताप नसला, की पुन्हा तपासणी न करता घरी सोडायचे, असे ठरले. खाटा अपुऱ्या होत्या, तेव्हा हे धोरण योग्यच होते. पण खाट मोकळी होणे आणि माणूस बरा होणे या दोन वेगळ्या घटना त्यामुळे एकाच रकान्यात पडल्या. अधिकृत नोंदीप्रमाणे भारतात सुमारे साडेचार कोटी लोक बाधित झाले, ५ लाख ३० हजारांहून अधिक दगावले, आणि बरे होण्याचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर राहिले. त्यातही नोंद झालेले रुग्ण हा खऱ्या लागणीचा लहानसा भाग होता. आयसीएमआरने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या देशव्यापी सिरो सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्यातली काही लसीमुळे होती हे धरले, तरी ज्यांच्या लागणीची नोंद कुठल्याही वहीत नाही अशांची संख्या कोट्यवधी भरते. लागणीचीच नोंद नाही, तर सहा महिन्यांनी सुरू झालेल्या धापेचा तिच्याशी संबंध लावणार कोण?

तो संबंध प्रथम लावला रुग्णांनी. ‘लाँग कोविड’ हे नाव कोणत्याही वैद्यकीय परिषदेत ठरलेले नाही. इटलीतल्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ बाईंनी मे २०२० मध्ये स्वतःच्या न संपणाऱ्या दुखण्याबद्दल लिहिताना ते वापरले आणि जगभरच्या रुग्णांनी ते उचलले. दोन आठवड्यांत बरे व्हायला हवे होते, ते झाले नव्हते, आणि डॉक्टरांकडे त्याला शब्द नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये: लागणीनंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे. संशोधकांनी नोंदवलेल्या लक्षणांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. वारंवार दिसणारी मात्र मोजकी आहेत: विश्रांतीने न जाणारा थकवा, धाप, छातीत धडधड, झोप न लागणे, वास न येणे, आणि डोक्यात धुके भरल्यासारखे होऊन साधा शब्द न आठवणे. २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या एका आढाव्याने जगभरात सुमारे ४० कोटी लोकांना कधी ना कधी हा त्रास झाला असावा, असा अंदाज मांडला. अंदाज म्हटल्यावर त्यात मागेपुढे होणारच. पण तो निम्म्यावर आणला, तरीही दुर्लक्ष करण्याजोगा उरत नाही.

या थकव्याचा स्वभाव नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा गैरसमज तिथेच होतो. आपल्या ओळखीचा थकवा कामानंतर येतो आणि झोपेनंतर जातो. इथे श्रम आज होतात आणि गळाठा उद्या किंवा परवा येतो, तोही केलेल्या श्रमांच्या मानाने कितीतरी मोठा. ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी हे स्नायूच्या पेशीपर्यंत जाऊन पाहिले. लाँग कोविडचे २५ रुग्ण आणि २१ निरोगी माणसे त्यांनी घेतली, सगळ्यांना एका जागी असलेल्या सायकलवर थोडा वेळ पायडल मारायला लावले, आणि मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा आधी एकदा व दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रुग्णांच्या स्नायूंत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मुळातच मंद होती, श्रमांनंतर ती आणखी ढासळली आणि स्नायूंच्या तंतूंची इजा वाढली. हृदय आणि फुप्फुसे त्या मानाने ठीक चालत होती. म्हणजे ईसीजी आणि छातीचा एक्स-रे काढला असता, तर तो ‘नॉर्मल’च आला असता. मेंदूबाबतही असेच. ब्रिटनमध्ये साथीच्या आधीच मेंदूची छायाचित्रे काढून ठेवलेल्या लोकांचे लागणीनंतर पुन्हा स्कॅन झाले. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या अभ्यासात ४०१ बाधित होते, त्यातले बहुतेक रुग्णालयात दाखलही झाले नव्हते. तरी वासाशी संबंधित भागांत त्यांच्या मेंदूची झीज लागण न झालेल्यांपेक्षा किंचित जास्त आढळली. सरासरीतला हा फरक लहान आहे, आणि त्यावरून कोणा एकाच्या बुद्धीबद्दल काही ठरवता येत नाही. मात्र सौम्य दुखणे काहीच मागे ठेवत नाही, हे गृहीत त्याने मोडले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो: पुन्हा पुन्हा लागण झाली तर काय होते? हा विषाणू रूप बदलत राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला तेव्हापासून जुनी प्रतिकारशक्ती गंभीर आजार अडवते, लागण अडवू शकत नाही. त्यामुळे दुसरी-तिसरी लागण ही सामान्य गोष्ट झाली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्यनोंदी तपासून झियाद अल-अली आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुन्हा लागण झालेल्या सुमारे ४१ हजार जणांची तुलना एकदाच लागण झालेल्यांशी केली होती. पुन्हा बाधित झालेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आणि रुग्णालयात जावे लागण्याचा सुमारे तिप्पट आढळला. कॅनडाच्या सांख्यिकी विभागाने २०२३ मध्ये प्रौढांना विचारले, तेव्हा एकदा लागण झालेल्यांपैकी १४.६ टक्क्यांनी दीर्घकाळ लक्षणे राहिल्याचे सांगितले. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण २५.४ टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ३७.९ टक्के होते.

या आकड्यांवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. अमेरिकेतले माजी सैनिक बहुतेक पुरुष, वयस्क आणि आधीच व्याधिग्रस्त. त्यांच्यावरून पंचविशीतल्या मुलीबद्दल बोलता येत नाही. ज्याची तपासणी पुन्हा झाली तो बहुधा जास्त आजारीच असणार, हेही खरे. कॅनडाचे आकडे लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत. शिवाय उलट दिशेचा पुरावा आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दाखवले, की प्रौढांत पहिल्या लागणीनंतर ४ टक्क्यांना लाँग कोविड झाला, आणि पहिल्या खेपेला जे सुटले त्यांच्यापैकी दुसऱ्या खेपेला २.४ टक्क्यांना. धोका घटला. लसीकरण आणि विषाणूचे बदललेले रूप यांनीही तो घटवला. २०२४ मध्ये अल-अली यांच्याच गटाने ओमिक्रॉनच्या काळात लस घेतलेल्यांत हे प्रमाण लागणीनंतरच्या एका वर्षात साडेतीन टक्क्यांपर्यंत उतरल्याचे नोंदवले. मग चिंता कशाला, असे कोणीही विचारेल.

उत्तर साध्या बेरजेत आहे, आणि ते मी आक्षेपकांच्याच आकड्यांवरून देतो. ब्रिटनचे प्रमाण धरून शंभर माणसे घ्या. पहिल्या खेपेला चार अडकली, ९६ सुटली. दुसऱ्या खेपेला या ९६ पैकी २.४ टक्के, म्हणजे आणखी दोघे-तिघे. दुसऱ्या खेपेचा धोका कमी झाला, तरी अडकलेल्यांची एकूण संख्या चारवरून सहाच्या पुढे गेली. दर खेपेचा दर उतरत जाईल आणि बेरीज चढत जाईल. या दोन गोष्टींत काहीही विरोध नाही. आधी अडकलेल्यांपैकी काही बरे होतात, म्हणून बेरीज सरळ रेषेत चढणार नाही, हेही मान्य. पण चौथ्या-पाचव्या लागणीचे दर कितीही लहान असले, तरी ते वजा चिन्हाने येत नाहीत. व्याजाचा दर उतरला म्हणून कर्ज कमी झाले असे सावकाराकडे गेलेला माणूस म्हणणार नाही. आपण आरोग्याच्या बाबतीत नेमके तसेच म्हणतो आहोत.

पुनरावृत्तीला महत्त्व देणे वैद्यकशास्त्राला नवे नाही, आणि भारतातल्या डॉक्टरांना तर मुळीच नाही. संधिवाताच्या तापाचे उदाहरण घ्या. लहानपणी घसा दुखतो, तो स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे. काही मुलांत पुढे सांधे सुजतात. ते बरे होतात, पण हृदयाच्या झडपेवर घाव राहतो. घसा पुन्हा तसाच दुखला, की तो घाव खोल जातो. म्हणून अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यायचे, हा नियम आपल्या सरकारी दवाखान्यांतही पाळला जातो. तिथे कोणी म्हणत नाही की घसादुखी साधीच आहे, होऊ द्या. एका घसादुखीने काय होते याच्यापेक्षा सगळ्या घसादुखी मिळून झडपेचे काय करतात, हे त्या नियमाने पाहिले आहे. कोविडकडे पाहण्याची ही नजर उसनी आणायची गरज नाही. ती आपल्या बाह्यरुग्ण विभागात आधीपासून आहे.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळे मनाचे आहे. टाळेबंदी, मृत्यूंची भीती, गेलेली नोकरी, यांनी माणसे खचली. रिपोर्ट नॉर्मल आहेत, तेव्हा सकाळी उठून फिरायला जा, मन रमवा. मनावर घाव झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रिपोर्ट नॉर्मल येतो तेव्हा बऱ्याचदा एवढाच अर्थ असतो, की जे विचारायला हवे होते ते तपासणीने विचारले नाही. याला फार महागडे यंत्र लागते असेही नाही. लाँग कोविडच्या काही रुग्णांत उभे राहिल्यावर नाडी बेसुमार धावते. रुग्णाला काही मिनिटे शांत आडवे ठेवायचे, नाडी आणि रक्तदाब मोजायचा. मग न हलता उभे करून दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा मोजायचा. प्रौढ माणसात रक्तदाब फारसा न उतरता नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढलेली राहिली आणि हा त्रास महिनोन्‌महिने असला, तर निदानाची दिशा मिळते. मनगटावरचे घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि दवाखान्यातली वीस मिनिटे, एवढाच खर्च. महाग आहे तो डॉक्टरांचा वेळ. आणि ‘फिरायला जा’ हा सल्ला तर काहींच्या बाबतीत घातकच ठरतो. विषाणूजन्य आजारानंतर येणाऱ्या दीर्घ थकव्याच्या विकारात व्यायाम ठरलेल्या टप्प्यांनी वाढवत नेण्याचा सल्ला ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये मार्गदर्शिकेतून काढून टाकला, तो उगीच नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्याकडे जोरात आहे: हे विषाणूचे नव्हे, लसीचे परिणाम आहेत. तरुण माणूस नाचताना किंवा जिममध्ये कोसळल्याची चित्रफीत फिरते आणि बोट लसीकडे जाते. आयसीएमआरने याच प्रश्नावर देशातल्या ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. १८ ते ४५ वयातल्या, वरकरणी निरोगी अशा ७२९ जणांच्या अचानक मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली. लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत पूर्वी कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घरात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वी दोन दिवसांतले अतिमद्यपान आणि अतिश्रम ही कारणे होती. लसीचे दुष्परिणाम असूच शकत नाहीत असा याचा अर्थ नाही. विरळ दुष्परिणामांची नोंद जगभर झाली आहे. पण घरात आग लागल्यावर बंबवाल्यालाच आगलाव्या ठरवण्याची घाई आपण करतो, आणि त्या गोंधळात खरी कसर नजरेआड होते.

चौथा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे: यात नवीन काय? चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने गुडघे धरून जिने चढणारी माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत. हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्समधून वाचलेल्यांना चार वर्षांनी तपासले, तेव्हा सुमारे ४० टक्के दीर्घ थकव्याची तक्रार करत होते. खरेच, नवीन काही नाही. म्हणून तर हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. विषाणू मागे काही ठेवून जातो हे आपल्याला ठाऊक होते. आपल्या भाषेत त्याला शब्द होता, पथ्य होते, आजाऱ्याला ‘अजून उठू नकोस’ म्हणण्याची रीत होती. फरक इतकाच, की सार्स काही हजारांना झाला आणि थांबला. कोविड जवळजवळ सगळ्यांना झाला आणि थांबलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू संपल्याचे केले नाही. २०२५ च्या जूनमध्येही देशातल्या सक्रिय रुग्णांचा आकडा सात हजारांवर गेला होता, तोही तपासण्या जवळपास बंद असताना.

उरतो तो सर्वांत कठीण आक्षेप: हातावर पोट असलेल्याने करायचे काय? त्याला विश्रांती परवडत नाही, क्षयरोग आणि कुपोषण असलेल्या देशाने या कसरीची चैन का करावी? मला हा आक्षेप उलटा दिसतो. ज्याचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, त्याच्याच शरीरातली कसर सर्वांत महाग पडते. खुर्चीवरचा माणूस डोक्यातल्या धुक्यातही महिना ढकलतो. हमाल, ऊसतोड कामगार, धुणीभांडी करणारी बाई यांना दुसऱ्या दिवशीचा गळाठा म्हणजे बुडालेली मजुरी. त्यांना ‘काळजी घ्या’ सांगणे ही क्रूर थट्टा आहे. म्हणून उपाय व्यक्तीच्या शहाणपणावर सोडता येत नाही, तो सार्वजनिकच हवा.

त्यातला पहिला उपाय हवेचा. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचे वारे शिरावे म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. त्यापायी हजारो गरिबांची घरे पाडली गेली, हे विसरता कामा नये. गंमत अशी, की प्लेग पिसवांमधून पसरत होता. हवेचा इलाज त्या रोगाला चुकीचाच होता. कोविड खरोखरच हवेतून पसरतो, आणि आता मात्र आपण खिडक्या बंद करून वातानुकूलित शिकवणी वर्गात शंभर मुले बसवतो. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्येच सांगितले होते, की बारीक तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि खेळती हवा हे संरक्षण आहे. समोरासमोरच्या खिडक्या, बाहेर हवा फेकणारा पंखा, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात मास्क: यात टाळेबंदी नाही, कोणाची रोजी बुडत नाही, आणि फ्लू व क्षयरोगालाही आळा बसतो. दुसरा उपाय रजेचा. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवस मिळतो, आणि ३४ ठरावीक दीर्घ आजारांसाठी तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढतो. कोविडनंतरच्या दुखण्याला त्या चौकटीत कशी जागा मिळेल, हा प्रश्न कामगार संघटनांनी धसास लावायला हवा. योजनेबाहेरच्या बहुसंख्यांचा प्रश्न तर त्याहून मोठा. तिसरा उपाय नोंदीचा. तालुक्याच्या बाह्यरुग्ण विभागात ‘शेवटचा ताप कधी, त्यानंतर पहिल्यासारखे वाटते का’ एवढे दोन प्रश्न केसपेपरवर छापले, तरी कसरीला रकाना मिळेल.

आज लाँग कोविडवर हमखास औषध नाही. ताकद राखून, श्रम तोलून मापून करणे आणि लक्षणांवर उपचार, इथवरच शास्त्र आले आहे. जो रोग झाल्यावर आपल्याला नीट बरा करता येत नाही, तो कमी वेळा होऊ देणे हाच शहाणपणा. घाबरून घरात बसा, असे मी म्हणत नाही. पण ‘कोविडसोबत जगायला शिका’ असे सांगणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की सोबत किती वेळा आणि कोणाच्या जिवावर. तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात कोणी तापातून उठून परत येईल, तेव्हा ‘बरा झालास ना?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर माणूस भिडेपोटी ‘हो’ असेच देतो. ‘कसर राहिली आहे का?’ असे विचारा. आणि उत्तर ‘हो’ आले, तर त्याच्या वाटचे ओझे त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी उचला.